नोकरी सांभाळून ऑनलाइन बीसीए करू, की आधी नेटवर्किंगचा कोर्स? (सांगली-सातारा भागातल्यांनी सांगा)

फायबरवाला (पलूस)

नमस्कार. बरेच दिवस इथं नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

वय २७. बारावी सायन्स झाली आणि घरच्या अडचणीत कॉलेज सुटलं. तेव्हापासून एका स्थानिक इंटरनेटवाल्याकडं कामाला आहे. पलूस, कुंडल, भिलवडी, तासगावची बाजू असा सगळा पट्टा. खांबावर चढणं, फायबर ओढणं, स्प्लायसिंग (फायबरची टोकं जोडणं), घरोघरी ओएनयू (फायबरची वायर जिला लागते ती नेटची पेटी) बसवणं, सगळं हातानं केलंय.

परवाची गोष्ट सांगतो, म्हणजे माझी अडचण कळेल. तासगावजवळ एका द्राक्षबागायतदारांच्या घरी नेट बंद पडलं होतं. ओएनयूवर एलओएसचा (सिग्नल पोचत नाही असं सांगणारा) लाल दिवा लुकलुकत होता. पॉवर मीटर लावला तर उणे २९ डीबीएम (फायबरमधून किती उजेड पोचतो त्याचं माप). आमच्याकडं उणे २० ते २२ आलं की आम्ही समाधानी असतो, उणे २७ च्या खाली गेलं की गाडी अडखळायला लागते. कनेक्टर पुसून बघितला, काही फरक नाही. मग वायरीच्या मागंमागं बाहेर आलो. दाराच्या चौकटीपाशी कुणीतरी वायर कोपऱ्यात दाबून पार काटकोनात वळवली होती. ती सोडवली, तळहाताएवढा गोल वळसा दिला आणि परत मीटर लावला. उणे २१. दिवा हिरवा.

मालक बघत होते. म्हणाले, "वायर तुटली तर नव्हती. मग नुसती वाकल्यावर नेट कसं बंद पडलं?"

मला उत्तर देता आलं नाही. फायबर वाकवायची नाही एवढं आठ वर्षं ठाऊक आहे, का वाकवायची नाही ते ठाऊक नाही. गाडीवरून परत येताना तेच डोक्यात फिरत होतं.

दुसरं कारण पोटापाण्याचं. मागच्या वर्षी कंट्रोल रूमला जागा निघाली. तिथं राउटर, स्विच, आयपी पत्त्यांचं काम असतं, पगार बरा, उन्हातान्हात फिरणं नाही. माझ्या हाताखाली तयार झालेल्या पोराला ती मिळाली, कारण तो ग्रॅज्युएट. पोरगा गुणी आहे, त्याच्याबद्दल मनात काही नाही. पण 'पदवी' या एका रकान्यापाशी माझं घोडं पेंड खातंय.

आता विचारायचं ते असं. ऑनलाइन बीसीए (संगणकाची पदवी) करू का? की सीसीएनए (सिस्को कंपनीचं नेटवर्किंगचं प्रमाणपत्र) करू? की आणखी काही? ऑनलाइन पदवी नोकरीत खरंच चालते का? रोज दोन तास काढू शकतो, रविवारी थोडे जास्त.

पोवईनाका (सातारा)

स्वागत दादा. तीन गोष्टी सांगा: लॅपटॉप आहे का, इंग्रजी कितपत जमतं, आणि वर्षाला किती पैसे बाजूला काढू शकता?

फायबरवाला (पलूस)

लॅपटॉप जुना आहे, ८ जीबी रॅमचा, चालतो. इंग्रजी वाचलेलं कळतं, बोललेलं भरभर गेलं की सुटतं. पैसे... वर्षाला पंधरा-वीस हजारांपर्यंत ओढून ताणून जमेल.

मिरजवाली

दादा, सगळ्यात आधी माझं ऐका, कारण मी या वाटेवर एकदा तोंडघशी पडलेय.

लग्नानंतर मला शिकायचं होतं. एका गल्लीत 'अभ्यास केंद्र' अशी पाटी होती. आत टापटीप ऑफिस, भिंतीवर पदवीदानाचे फोटो. त्यांनी सांगितलं, "ताई, बी.टेक. कॉम्प्युटर घरबसल्या, दीड वर्षात, कॉलेजला पाय ठेवायचा नाही." चाळीस हजार भरले. त्यातले निम्मे आईनं पाटल्या गहाण ठेवून दिले होते. पावती घरी आणली तेव्हा माझ्या दिरानं ती उजेडात धरून विचारलं, "वहिनी, यावर विद्यापीठाचं नाव कुठाय?" नव्हतंच. नुसतं त्या केंद्राचं नाव आणि शिक्का. पैसे परत मिळाले नाहीत. मला वर्षभर कुणाला सांगायची लाज वाटत होती, आता वाटत नाही. म्हणून इथं लिहितेय.

तेव्हा माहीत नव्हतं आणि आता पक्कं माहीत आहे ते असं. आपल्या देशात इंजिनिअरिंगची पदवी दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीनं घेता येत नाही. यूजीसीनं (विद्यापीठांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय आयोगानं) ज्या विषयांना ही मुभाच दिलेली नाही त्यात इंजिनिअरिंग आहे, वैद्यकीय आहे, कायदा आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं काही अभिमत विद्यापीठांनी दूरस्थ पद्धतीनं दिलेल्या इंजिनिअरिंगच्या पदव्या मागे घ्यायला लावल्या होत्या. त्यामुळं कुणी घरबसल्या बी.टेक. म्हणालं की तिथून चप्पल घालून निघायचं. बीसीए, एमसीए मात्र चालतात. आणि मान्यता असलेल्या विद्यापीठाकडून ऑनलाइन किंवा दूरस्थ घेतलेली पदवी नेहमीच्या कॉलेजच्या पदवीच्या बरोबरीची धरली जाते, हे यूजीसीच्या २०२० च्या नियमांतच लिहिलेलं आहे.

नीट बघून घ्या:

यूजीसीच्या डीईबी या दूरस्थ शिक्षण बघणाऱ्या विभागाच्या साइटवर मान्यताप्राप्त विद्यापीठांची यादी असते. विद्यापीठाचं नुसतं नाव बघू नका, *त्या वर्षाला, त्या सत्राला, त्या अभ्यासक्रमाला* परवानगी आहे का ते बघा. २०२४ च्या सत्रापासून प्रवेशाआधी विद्यार्थ्याला स्वतःचा डीईबी आयडी काढावा लागतो. त्याला आधी एबीसी आयडी (शिक्षणाच्या क्रेडिटच्या सरकारी खात्याचा नंबर) लागतो. हे दोन्ही तुमचे तुम्ही काढायचे, "आम्ही काढून देतो" म्हणणाऱ्याला ओटीपी द्यायचा नाही. आणि फी थेट विद्यापीठाच्या पोर्टलवर भरायची. मधल्या माणसाच्या हातात एक रुपयाही नाही.

नंतर मी इग्नूतून (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठातून) बीसीए केलं. तीन वर्षांचा अभ्यासक्रम, पुरा करायला सहा वर्षांपर्यंत मुदत. मला पाच लागली, मधे मुलगी झाली. पुस्तकं घरी यायची, असाइनमेंट लिहून द्यायच्या, जून आणि डिसेंबरला परीक्षा. प्रॅक्टिकलला मात्र केंद्रावर हजर राहावंच लागतं, तिथं सूट नाही. फी खाजगी ऑनलाइन विद्यापीठांच्या मानानं बरीच कमी, तुमच्या पंधरा-वीस हजारांत बसावी. आज मिरजेत आयटी विभागात आहे आणि माझ्या पदवीवर कुणी बोट ठेवलेलं नाही.

फायबरवाला (पलूस)

ताई, एवढं मोकळेपणानं लिहिलंत, खरंच आभार. मलाही महिन्यापूर्वी अशाच एका ठिकाणाहून रोज फोन येत होते. दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश देतो म्हणत होते. आज नंबर बंद करून टाकला.

माणदेशी (दहिवडी)

आयआयटी मद्रासच्या ऑनलाइन बीएसबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. मी तिथंच शिकतोय, डेटा सायन्स अँड अॅप्लिकेशन्स. २०२० मध्ये सुरू झालेला कोर्स आहे. जेईई लागत नाही. बारावी पास आणि दहावीला गणित-इंग्रजी असलं की अर्ज करता येतो. चार आठवड्यांचा अभ्यास करून पात्रता परीक्षा द्यायची, त्यात पास झालात की पुढं. फाउंडेशन, डिप्लोमा, बीएससी, बीएस अशा पायऱ्या आहेत. कुठल्याही पायरीवर थांबलात तरी तेवढं प्रमाणपत्र हातात पडतं. कमी उत्पन्नाच्या घरातल्यांना फीमध्ये ७५ टक्क्यांपर्यंत सवलत मिळते, मला मिळाली.

व्हिडिओ घरी बघायचे, पण परीक्षा केंद्रावर जाऊन. दहिवडीहून पहाटेची एसटी पकडून पुण्याला जातो. एकदा फलटणच्या पुढं गाडी बंद पडली, ट्रकमध्ये बसून पोचलो, दहा मिनिटं हातात होती. आता आदल्या दिवशीच जाऊन मामाकडं राहतो.

पण दादा, खरं सांगायचं तर तुमच्यासाठी हे मी सुचवणार नाही. गणित आणि स्टॅटिस्टिक्स भरपूर आहे, नेटवर्किंग हा त्याचा मुख्य विषय नाही. रोज दोन तासांत निभणं अवघड. मी घरी शेळ्या-बकऱ्यांचं बघून रोज चार-पाच तास देतो तरी धाप लागते. आवड असेल तरच या.

पोवईनाका (सातारा)

आता मी लिहितो. मी साताऱ्यात एका दूध संस्थेचं नेटवर्क बघतो. मीही बिनपदवीचाच लागलो होतो, पदवी नंतर केली.

माझं मत मिरजवाली ताईंपेक्षा थोडं वेगळं आहे. आधी नेटवर्किंग शिका, पदवी मागून येऊ द्या. का ते सांगतो.

कामाला लागून वर्ष झालं असेल. मुख्य ऑफिस आणि तीन शीतकरण केंद्रं एकमेकांना जोडायची होती. इंटरनेटवरून व्हीपीएन (दोन ठिकाणांमधली खाजगी वाट, तिलाच टनेल म्हणतात) टाकायचं, सोपं काम. राउटर आणले, टनेल उभे राहिले, दोन्हीकडं हिरवं. केंद्रावरच्या संगणकावरून मुख्य ऑफिसच्या प्रिंटरला दुधाचा गोषवारा पाठवला. इकडं कागद येईना. अर्ध्या तासानं केंद्रावरून फोन, "साहेब, आमच्या अकाउंटंटच्या टेबलावर कसलातरी रिपोर्ट छापून आलाय, तुमचा आहे का बघा."

तीन रात्री मी त्यात घालवल्या. राउटर बदलला, केबल बदलल्या, कंपनीला फोन केले. दोष कशातच नव्हता. चारही ठिकाणी आयपी १९२.१६८.१ चेच होते, राउटर खोक्यातून काढून जसा लावला तसा. मुख्य ऑफिसचा प्रिंटर १९२.१६८.१.५० आणि केंद्रावरचा प्रिंटरही १९२.१६८.१.५०. केंद्रावरचा संगणक आधी आपला मास्क (आपल्या वाड्याची हद्द सांगणारा आकडा) लावून बघतो. पत्ता आपल्याच वाड्यातला दिसला की तो राउटरकडं जातच नाही, वाड्यातच हाक मारतो, 'पन्नास नंबर कोण?' आणि शेजारचा प्रिंटर ओ देतो. टनेल बिचारा रिकामा उभा.

हे ज्यानं शिकवलं तो माणूस पुण्याहून आला होता. वीस मिनिटांत कागदावर रेघा ओढून दाखवलं. १९२.१६८.४०.० हे एक वावर धरायचं. त्याचे /२६ नं (हाही मास्कच, लिहायची दुसरी रीत) चार वाटे करायचे: ० ते ६३, ६४ ते १२७, १२८ ते १९१, १९२ ते २५५. प्रत्येक वाट्यात ६४ पत्ते, पहिला वाट्याच्या नावाला, शेवटचा सगळ्यांना हाक मारायला, उरले ६२. चार जागांना चार वाटे, बांध कुठं एकमेकांत शिरत नाही. तो कागद अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

त्या दिवसापासून मी एनपीटीईएल या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर नेटवर्कचा कोर्स धरला. आयआयटी आणि आयआयएससीचे प्राध्यापक शिकवतात, बघायला फुकट. १२ आठवडे, दर आठवड्याला असाइनमेंट. प्रमाणपत्र हवं असेल तरच १००० रुपये भरून केंद्रावर परीक्षा द्यायची. असाइनमेंटचे २५ टक्के, परीक्षेचे ७५. व्हिडिओ उतरवून घेता येतात, त्यामुळं रेंज नसली तरी चालतं. त्याच्या जोडीला सिस्कोचं पॅकेट ट्रेसर घ्या, तेही फुकट आहे. लॅपटॉपवर खोटे राउटर, खोटे स्विच लावून खरं नेटवर्क उभं करता येतं. सिस्को नेटवर्किंग अॅकॅडमीवर नाव नोंदवलं की मिळतं. तुमच्या ८ जीबीवर पळेल.

सीसीएनएची परीक्षा ३०० डॉलर, वर टॅक्स. म्हणजे पंचवीस हजारांच्या वर जाते. नापास झालात तर परत तेवढेच. त्यामुळं अभ्यास आज सुरू करा, परीक्षेचे पैसे घाईनं भरू नका.

कृष्णाकाठची मास्तरीण (कराड)

मी कराडला डिप्लोमाच्या मुलांना नेटवर्क शिकवते. फायबरवाले दादा, तुमच्या त्या बागायतदारांच्या प्रश्नानं मला आज दिवसभर सोडलं नाही. आधी त्याचं उत्तर देते, मग कोर्सचं बोलू.

फायबरच्या मधोमध काचेचा गाभा असतो. तुम्ही वापरता त्या सिंगल मोड फायबरमध्ये तो साधारण ९ मायक्रॉन जाडीचा, आणि त्याच्याभोवती दुसऱ्या काचेचं आवरण, तेवढ्यासकट १२५ मायक्रॉन. गाभ्याच्या काचेचा अपवर्तनांक आवरणापेक्षा किंचित जास्त ठेवलेला असतो. त्यामुळं उजेड फारच तिरक्या कोनात कडेला येऊन लागला तर बाहेर न पडता आत परततो. बारावीला तुम्ही पूर्ण आंतरिक परावर्तन शिकलात ना, तेच. विहिरीत बुडी मारून वर बघितलं तर पाण्याचा पृष्ठभाग कडेकडेला आरशासारखा चमकतो, तसं. आता फायबर काटकोनात वाकवली की तो कोन बिघडतो. जो उजेड कडेला घासून जायचा तो समोरून धडकतो आणि आवरणात निसटतो. काच तुटत नाही, उजेड गळतो. पाटाचं पाणी वळणावर बांध फोडून शेतात जावं तसं.

आता तुमचे आकडे घ्या. उणे २१ चे उणे २९ झाले, म्हणजे ८ डीबी गेले. डीबी हे बेरीज-वजाबाकीत दिसतं पण असतो तो गुणाकार. ३ डीबी गेले की उजेड निम्मा. ८ डीबी गेले म्हणजे साधारण सहाव्या हिश्शावर आला. त्या एका चौकटीत सहातले पाच वाटे सांडले होते! आणि एका फायबरमधला उजेड आठ घरांना वाटणारा तुमचा एकास आठ स्प्लिटर? आठ वाटे म्हणजे तीनदा निम्मं, म्हणजे हिशोबानं ९ डीबी. प्रत्यक्षात थोडं वर, दहाच्या आसपास मीटरवर दिसत असेल. बघा उद्या मोजून.

दादा, हे तुम्हाला एका परिच्छेदात कळलं असेल. माझ्या वर्गातल्या मुलांना हे सूत्रासकट पाठ असतं, पण त्यांनी पॉवर मीटर हातात धरलेला नसतो. परवा एकाला विचारलं, उणे २९ चांगलं की उणे २१? तो म्हणाला २९, आकडा मोठा आहे म्हणून. तुमच्याकडं जे आहे ते मिळवायला त्यांना वर्षं लागणार आहेत. तुम्हाला मागून फक्त 'का' जोडायचं आहे.

आता पोवईनाका दादांशी माझा मतभेद. त्यांनी सांगितलेला अभ्यास अगदी योग्य. पण क्रम मला पटत नाही. या दादांची अडचण काय आहे? कंट्रोल रूमच्या जागेला *पदवी* हवी. सीसीएनए तीन वर्षांनी नूतनीकरणाला येतं, पदवी आयुष्यभर राहते. पदवीला तीन वर्षं लागणारच, ते घड्याळ आज चालू झालं नाही तर तिशी उलटेल. म्हणून नाव आत्ताच्या सत्रालाच घाला. आणि बीसीएच्या अभ्यासातच नेटवर्कचा विषय येतो, त्याला तुम्ही पॅकेट ट्रेसर जोडलंत की एकाच मेहनतीत दोन्ही होतं. तिसऱ्या वर्षाला सीसीएनएची परीक्षा द्या. तोवर पैसेही साठतील.

कुठं घालायचं? इग्नू १९८५ चं केंद्रीय मुक्त विद्यापीठ आहे. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ चं, त्याचं विभागीय केंद्र कोल्हापूरला आहे, म्हणजे काही अडलं तर एसटीनं जाऊन उभं राहता येतं. दोन्हींच्या चालू सत्राची माहितीपुस्तिका उतरवून घ्या आणि तीन गोष्टी खूण करून वाचा: माध्यम, प्रॅक्टिकलचं केंद्र कुठं, परीक्षेचं केंद्र कुठं. प्रॅक्टिकलचं केंद्र पलूसहून जाण्यासारखं नसेल तर बाकी कितीही चांगलं असलं तरी तुमचं होणार नाही. माझ्या ओळखीच्या दोन मुलींचं अभ्यासात नाही, जाण्यायेण्यात राहिलं.

इंग्रजीचं मनावर घेऊ नका. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर लिनक्स, सी, पायथॉनचे धडे मराठीत आहेत, दहाएक मिनिटांचे एकेक. आधी ते ऐका, मग तोच विषय इंग्रजीत. शब्द तेच असतात, कान तयार होतो.

पोवईनाका (सातारा)

मास्तरीणबाई, तुमचं पटलं. मी माझ्या अनुभवावरून बोललो, माझ्या वेळी पदवीची अट नव्हती. यांच्या बाबतीत आहे. नाव आधी घाला दादा. पण पॅकेट ट्रेसर त्याच रात्री उघडा एवढं माझं मागणं.

साखरशाळा (वाळवा)

माझ्या मुलानं यंदा बारावी दिलीय. त्याला पण ऑनलाइनच बीसीए करू देत का? फी वाचेल, घरी शेतीलाही हातभार लागेल.

कृष्णाकाठची मास्तरीण (कराड)

ताई, त्याला शक्यतो कॉलेजलाच घाला. अठराव्या वर्षी मुलाला लॅब लागते, सोबतची मुलं लागतात, चुकलं की लगेच सांगणारं कुणी लागतं. फायबरवाल्या दादांकडं आठ वर्षांचं काम आहे, तुमच्या मुलाकडं अजून ते नाही. एक ध्यानात ठेवा, २०२४ पासून राज्यात कॉलेजच्या बीसीएसाठी सीईटी आहे. तिच्या तारखा चुकवू नका. आणि फार हौस असेल तर कॉलेजच्या जोडीनं एखादी ऑनलाइन पदवी करता येते, यूजीसीनं २०२२ पासून एका वेळी दोन पदव्यांची मुभा दिली आहे. पण पहिल्या वर्षी तरी एकच.

बोर्डिंगातला जुना (सातारा)

मी ७८ वर्षांचा आहे. नात टाइप करून देते आहे.

कोरेगाव तालुक्यातून साताऱ्याला शिकायला आलो तेव्हा वडिलांकडे एसटीचे पैसे नव्हते. कर्मवीर अण्णांनी १९१९ साली कराडजवळ काल्याला रयत शिक्षण संस्था काढली, तिच्यामुळे आम्ही शिकलो. शिवाजी कॉलेजात 'कमवा आणि शिका' मध्ये होतो. सकाळी शेतात काम, मग वर्ग, रात्री कंदिलापाशी अभ्यास. कुदळीचे घट्टे असलेल्या हाताने पेन धरला की अक्षर वाकडे यायचे. मग मी काम संपल्यावर पाव तास हात कोमट पाण्यात धरायचो, तेवढ्या वेळात कालचे पाठ म्हणायचो.

बाळ, तू दिवसभर खांबावर चढतोस. संध्याकाळी घरी आल्यावर अभ्यास होत नाही, डोळा लागतो. आम्ही पहाटे चारला उठायचो. तू साडेचारला उठून बघ. दोन तास पहाटेचे ठेव, आणि ते कोणाला देऊ नकोस. नात म्हणते आहे की पहाटे नेटही चांगले चालते.

माणदेशी (दहिवडी)

आजोबा, नमस्कार करतो. पहाटेचं अगदी खरं आहे.

एक भर: लाइटीचं. आमच्याकडं ऐन परीक्षेच्या आठवड्यात लाइट जाते. राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तो घ्या. ओएनयू आणि राउटर त्यावर दोन-तीन तास निघतात. लॅपटॉपची बॅटरी जुनी असेल तर तीही बदलून घ्या. घरून द्यायची परीक्षा असली तर मधेच कॅमेरा बंद पडून चालत नाही.

मिरजवाली

आणि घरच्यांना आधी सांगून ठेवा. पहाटेचे दोन तास आणि परीक्षेचे आठ दिवस हे तुमचे. मी सासूबाईंना वेळापत्रक लिहून फ्रीजवर लावलं होतं. पेपरच्या दिवशी त्या माझ्या मुलीला घेऊन देवळात जाऊन बसायच्या. दर पेपरला, पाच वर्षं. पदवीचा कागद आला तो मी आधी त्यांच्याच हातात दिला.

फायबरवाला (पलूस)

बारा दिवसांनी लिहितोय, माफ करा. मधे पावसानं लाइनी तुटल्या होत्या.

काय काय केलं ते सांगतो. एबीसी आयडी काढला, मग डीईबी आयडी. पहिल्यांदा आधारवरचं नाव आणि दहावीच्या सर्टिफिकेटवरचं नाव जुळेना, वडिलांच्या नावात एक अक्षर वेगळं. आधार दुरुस्त करून घेतलं, त्यात पाच दिवस गेले. ज्यांना अर्ज करायचाय त्यांनी हे आधी तपासा. मग इग्नूच्या पोर्टलवर बीसीएचा अर्ज भरला, फी स्वतः भरली. पावती उजेडात धरून बघितली, विद्यापीठाचं नाव आहे ताई.

स्प्लिटर मोजला मॅडम. आत उणे ७.२, बाहेर उणे १७.६. म्हणजे १०.४ गेले. तुम्ही सांगितलं तसंच. आठ वर्षं तो आकडा रोज बघत होतो आणि पहिल्यांदा वाचला असं वाटलं.

त्या बागायतदारांकडं बिलाच्या कामानं परत जाणं झालं. त्यांना विहिरीचं आणि पाटाच्या पाण्याचं सांगितलं. ते म्हणाले, "आता कळलं," आणि मुलाला बोलावून परत एकदा माझ्याकडून वदवून घेतलं. निघताना द्राक्षाची पेटी देत होते, मी एक घड घेतला.

पॅकेट ट्रेसरवर अडलोय. पोवईनाका दादा, तुमचे चार वाटे मी केले. एक राउटर, चार स्विच, प्रत्येकाला दोन संगणक. पहिले तीन वाटे एकमेकांना पिंग होतात (हाक मारली की ओ देतात). चौथा होत नाही. चौथ्याचा गेटवे (राउटरचा त्या वाट्यातला पत्ता) मी १९२.१६८.४०.१९२ दिलाय. राउटर तो घेतच नाही, चुकीचा मास्क म्हणतो. मास्क तर २५५.२५५.२५५.१९२, म्हणजे /२६ च आहे.

पोवईनाका (सातारा)

मीच लिहिलं होतं वर. पहिला पत्ता कशासाठी असतो?

फायबरवाला (पलूस)

वाट्याच्या नावाला! १९३ द्यायला पाहिजे. थांबा बघतो.

फायबरवाला (पलूस)

झालं. चारही वाटे बोलतायत. पहिला पिंग गेला नाही, पुढचे तीन गेले, असं का होतं?

कृष्णाकाठची मास्तरीण (कराड)

कारण पहिल्या वेळी शेजाऱ्याचा हार्डवेअर पत्ता विचारायला जावं लागतं, त्याला एआरपी म्हणतात. तोवर पहिला पिंग हातचा जातो. पॅकेट ट्रेसरमध्ये सिम्युलेशनवर जा आणि एकेक पाकीट पुढं सरकवत बघा, तुम्हाला ते डोळ्यानं दिसेल. आणि या रविवारी कराडला येणं जमणार असेल तर सांगा. आमच्या मुलांना क्रिंपिंग (वायरीला कनेक्टर बसवणं) आणि स्प्लायसिंग दाखवायला कुणी हातानं काम केलेलं माणूस हवंय. येताना तुमचा पॉवर मीटर घेऊन या.